निवेदक म्हणजे लेखक नव्हे

शालेय वाचनात लेखकाचा दृष्टिकोन कसा ओळखावा, यावरील आपला लेख वाचला. मात्र ‘शब्द नीट वाचले की हेतू कळतो’ हे त्यातले मत पटले नाही. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये एका निबंधात आयर्लंडच्या गरिबांनी आपली तान्ही मुले श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत, असा प्रस्ताव मांडला. तोही वजन, किंमत अशा हिशेबासकट! शब्दशः वाचल्यास लेखक राक्षसच वाटेल. पण हा सारा उपरोध होता; रोख होता तो गरिबांना पिळणाऱ्या जमीनदारांवर. निवेदक, म्हणजे लेखनात बोलणारा ‘मी’, वेगळा आणि लेखक वेगळा, हे ठाऊक नसलेल्या मुलाला हा रोख कसा उमगावा? धड्याआधीचा लेखक-परिचय बहुधा जन्मवर्ष आणि पुरस्कारांतच आटोपतो. लेखन कोणासाठी, कोणत्या प्रसंगी झाले, या दोन ओळी त्यात हव्यात.

– एक वाचक