दोनदा सवाई

ती. मुनीमकाका यांस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानले असते तर "आधी पोहे खा" म्हणत तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर.

गणपतीत मी इथे इंदूरला महेश्वरी साड्यांचा स्टॉल लावला. सोळाशेची साडी, वर ४० टक्के चढवून २,२४० ची चिठ्ठी. शेवटच्या दिवशी गर्दी ओसरली तशी घाबरले आणि पाटी लावली, ४० टक्के सूट. चढवले तेवढेच उतरवतेय, निदान मुद्दल तरी सुटेल, असा माझा हिशोब. अकरा साड्या तासाभरात गेल्या. खूश होऊन सांगायला आले, तर तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "चाळीस कशाचे गं?"

लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे तुमची ती बोटभर पेन्सिल चालली. चढवले सोळाशेवर, ६४०. उतरवले २,२४० वर, ८९६. हातात आले १,३४४. साडीमागे २५६ ची खोट, अकरांची २,८१६. मला रडूच आलं. शिकलेल्या मुलीला एवढं कळू नये, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. काकू म्हणाल्या, पण ते असो.

मग तुम्ही सवाईकी काढलीत, सव्वापटीचा जुना पाढा. आजीच्या तोंडून नुसतं नाव ऐकलं होतं. "सवाईनं चढलेलं पाचव्या हिश्श्यानं उतरतं." सोळाशेची सवाई दोन हजार, एवढे हातात यायलाच हवेत. वर २० टक्के सूट दाखवायचीय? मग दोन हजारांची पुन्हा सवाई, अडीच हजार, ती चिठ्ठी. एमटी क्लॉथ मार्केटातल्या गादीवर जन्म गेलेला माणूस. मी मोबाइल उघडेपर्यंत उत्तर पाकिटावर.

"वर अजून दहा टक्के द्या ना" म्हणणाऱ्या बायकांचंही सांगितलंत. वीस नि दहा तीस नव्हेत, ते दहा दोन हजारांवरचे, म्हणजे एकूण अठ्ठावीस. मी म्हटलं, चला, दोन टक्के वाचले. तुम्ही हसलात. "चारशेचे दोनशे उरले तुझे. तिला दहा टक्के, तुझा नफा निम्मा."

दिवाळीच्या स्टॉलवर सगळ्या चिठ्ठ्या दोनदा सवाईनं लिहिल्या. काकू आल्या, मोरपंखी साडी निवडली आणि वर दहा टक्के मागितले. तुम्ही शेजारी खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसला होतात. पान काही उलटत नव्हतं.

अठराशे घेतले, काका. दोनशे सुटले.

तुमची,
वरच्या मजल्यावरची