ताई, ती बाटली अजून आमच्याकडेच आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं येणं थांबून आता सहा महिने होतील. शेवटच्या भेटीत लेक तुमच्या पिशवीला धरून रडत होती, तिला आवरण्यात तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. ते इथे सगळ्यांसमोर मानतोय, कारण घरोघरी जाऊन आईबाबांना बाळाशी खेळायला-बोलायला शिकवणाऱ्या तुमच्यासारख्या कितीतरी जणींना त्या कामाचं पुढे काय झालं, हे कुणी कळवतच नाही.

पहिला दिवस मला लख्ख आठवतो. बायको कामावर गेली होती, मी लॅपटॉप घेऊन खुर्चीत. लेक तेव्हा चौदा महिन्यांची, शब्द एकही नाही. तुम्ही पिशवीतून प्लास्टिकची रिकामी बाटली काढलीत. आत रंगीत बटणं, झाकण पक्कं चिकटवलेलं. मला वाटलं, आता तिच्याशी खेळाल. तर बाटली माझ्यापुढे धरलीत. "दादा, खाली बसा. मी तासाभराने जाणार, तुम्ही इथेच असणार."

खरं सांगतो, मला राग आला होता. शिकवायला तुम्ही आलात आणि कामाला मला लावताय!

मी बाटली हलवली. ती हसली. मी लगेच सुरू झालो, हे लाल बटण, हे निळं, बघ बघ. तुम्ही हळूच म्हणालात, "आता थांबा. तिची पाळी." मनात पाच आकडे मोजायला सांगितलेत. इतकं थांबणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. चौथ्या आकड्याला तिने बाटलीकडे बोट केलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बू." तुम्ही म्हणालात, "दिलं की उत्तर. आता त्यावरच बोला." चौदा महिने मी तिच्याशी बोलतच होतो, पण तिच्या बोलण्याला जागाच ठेवली नव्हती.

पुस्तकाचंही तेच. मी पानावरचं सगळं वाचून पुढचं पान उलटायचो. तुमच्यामुळे चित्रावर बोट ठेवून "ही काय करतेय?" असं विचारायला लागलो. ती "माऊ" म्हणाली की मी म्हणायचो, "हो, माऊ झोपलीय." तिच्या एका शब्दाला आपला एक जोडायचा, बस्स. अक्षरं आणि आकडे कधी घ्यायचे, असं मी तिसऱ्या भेटीत विचारलं होतं. तुम्ही मला जिना चढता चढता पायऱ्या मोजायला लावलंत.

मागे जमैकातल्या किंग्स्टनचा अभ्यास वाचला. १९८६-८७ मध्ये तिथे वाढ खुंटलेल्या, ९ ते २४ महिन्यांच्या १२९ मुलांना घेऊन हे काम सुरू झालं. त्यातल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं जायच्या. घरच्या वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायच्या, आठवडाभर ठेवून बदलून द्यायच्या, आणि मुलांच्या आयांना खेळायला शिकवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्या मुलांना असा खेळ मिळाला होता त्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. वाचताना मला तुमची पिशवी दिसत होती. तुम्हीही तेच करत होतात, आणि मी खुर्चीत बसून तुमच्यावर चिडत होतो!

एक मात्र मनापासून वाटतं. पालकांना व्याख्यान देऊन हे साधत नाही. "मुलांशी बोला" हे मीही दहा ठिकाणी वाचलं होतं, आणि बोलत होतोच की! थांबायचं कुठे, हे सांगायला शेजारी जमिनीवर बसलेलं माणूस लागतं. शिवाय तुम्ही मला एकदाही चुकलात असं म्हणाला नाहीत. जे जमलं तेवढंच दाखवून दिलंत. त्यामुळे पुढच्या आठवड्यात तुम्ही येणार म्हटल्यावर मी तयारी करून बसायचो.

लेक आता तीन वर्षांची होईल. वाक्यं जोडते, भांडते, जिन्यावर चौदापर्यंत मोजते आणि मधला आकडा मी मुद्दाम गाळला की मला थांबवते.

पहिल्या आठवड्यातली बाटली तिने परत द्यायला नकार दिला, तेव्हा तुम्ही ती राहू दिलीत. मध्यंतरी झाकण सैल झालं होतं, परत चिकटवून ठेवलंय. ती आता दुसऱ्या खेळण्यांत रमलीय. पुढच्या कुणाच्या घरी लागणार असेल तर कळवा, मी आणून देतो.

तुमचा,
लेकीचा बाबा