गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल टाकलंत, ते लेखी कळवा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
वाहन सेवा विभाग

विषय: होंडा सिटी ऑटोमॅटिकमध्ये (मॉडेल २०१०) अयोग्य ट्रान्समिशन फ्लुइड टाकल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या ठाण्यातल्या वर्कशॉपमध्ये मागच्या महिन्यात मी माझी पाच गिअरची ऑटोमॅटिक होंडा सिटी दिली होती. मुख्य काम एकच होतं, गिअरबॉक्सचं ऑइल बदलणं. गाडी दिली तेव्हा तिची काही तक्रार नव्हती. परत आणल्यापासून दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना ती झटका देते. घोडबंदर रोडला पन्नास-साठचा वेग धरला की खालून थरथर येते. पार्किंगमधून काढताना डी ला (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायला) टाकलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम ओढ घेते.

बिलावर लिहिलंय, ‘एटीएफ, ४ लिटर’, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, गिअरबॉक्सचं ऑइल. कोणत्या कंपनीचं, कोणत्या स्पेसिफिकेशनचं, याचा पत्ता नाही. त्याच बिलावर वायपर ब्लेडचा पार्ट नंबर मात्र व्यवस्थित छापलेला आहे.

विचारलं तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, “तुमच्या मॅन्युअलमधलं झेड-वन आता येत नाही, म्हणून युनिव्हर्सल टाकलं. सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं.” माझी खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे. झेड-वन हे होंडाचं जुनं एटीएफ बंद झालं हे बरोबर. पण त्याच्या जागी होंडाने डीडब्ल्यू-वन हे नवं फ्लुइड आणलं आणि झेड-वनच्या जुन्या गाड्यांनाही तेच टाकायला सांगितलं. ते बाजारात मिळतं. जुन्या गाडीचं फ्लुइड निवडताना पहिलं काम हेच असतं: मॅन्युअलमधलं नाव बंद झालं असेल, तर त्याच कंपनीने त्याऐवजी काय सांगितलंय ते बघायचं. अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही, कारण नवीन फ्लुइड जुन्या गाडीला चालतंच असं नाही. टोयोटाचं उदाहरण घ्या. टी-फोर या जुन्या फ्लुइडच्या गिअरबॉक्समध्ये डब्ल्यूएस हे नवं फ्लुइड टाकू नका, असं कंपनी स्वतः सांगते.

ऑटोमॅटिकमधलं फ्लुइड नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर क्लच लागतात-सुटतात, आणि क्लच किती घसरेल, कधी पकडेल हे त्यात मिसळलेल्या रसायनांवर (ॲडिटिव्ह्जवर) ठरतं. शिवाय या होंडाचा गिअरबॉक्स इतर बहुतेक ऑटोमॅटिकसारखा प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरचा) नाही. त्यात समांतर शाफ्ट आहेत आणि गिअरना वेगवेगळे क्लच आहेत, म्हणूनच होंडा आपलं फ्लुइड वेगळं ठेवते. ॲडव्हायझरनी मला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) दाखवून “बघा, लालच आहे ना” असं सांगितलं. पण रंग हा फक्त रंग असतो, बहुतेक कंपन्या एटीएफला लालच रंग देतात. ऑइल जळून तपकिरी झालंय का, हे रंगावरून कळतं. योग्य ऑइल आहे का, हे कळत नाही. काही मल्टी-व्हेइकल (अनेक कंपन्यांच्या गाड्यांसाठीच्या) ऑइलच्या डब्यावर डीडब्ल्यू-वनच्या जागी चालेल असं लिहिलेलं असतं, हे मला माहीत आहे. आपण तसं टाकलं असेल तर डबा दाखवा, माझा आक्षेप तिथेच संपेल. माझ्यासमोर डबा फोडला नाही, रिकामा डबाही दाखवला नाही. बॅरलमधलं सुटं ऑइल भरलं असेल तर तसं सांगा.

आता चार लिटरचं. या गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढला की साधारण अडीच लिटर बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या भागात) आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. जेवढं निघालं तेवढंच भरायचं असतं. मग वरचं दीड लिटर गेलं कुठे? मशीनने फ्लशिंग केलं असेल, म्हणजे आतलं सगळं जुनं ऑइल ढकलून काढलं असेल, तर ते मला न विचारता केलंत. जास्त भरलं असेल तर ऑइलला फेस येतो आणि दाब बिघडतो. डिलिव्हरीच्या वेळी आपल्या वर्कशॉपमधल्या मुलाने इंजिन चालू ठेवून डिपस्टिक तपासली. बऱ्याच गाड्यांना ती पद्धत बरोबर आहे, या गाडीला नाही. हिचं इंजिन रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत तापवायचं, बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत लेव्हल बघायची. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्येच होतं.

ड्रेन बोल्टला चुंबक असतो. त्यावर राखाडी बारीक चिखल असणं नेहमीचं, धातूचे कण दिसले तर धोका. तो बोल्ट मला दाखवा, असं मी जॉब कार्डवर लिहून घेतलं होतं. दाखवला नाही. दोन दिवसांनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला तर बोल्टच्या बरोबर खाली लाल थेंब. वागळे इस्टेटमधल्या एका मेकॅनिकने खाली शिरून पाहिलं. जुनाच दबलेला वॉशर परत लावलाय, असं त्याने सांगितलं. हा ॲल्युमिनियमचा वॉशर ऑइल बदलताना दरवेळी नवीन लावायचा असतो. त्याची किंमत ऑइलच्या मानाने काहीच नाही.

घोडबंदर रोडच्या गर्दीत डी मध्ये ब्रेकवर तासन्‌तास सरपटताना ऑइल तापतं आणि तापलेलं ऑइल लवकर खराब होतं. म्हणूनच मी वेळेवर बदलायला आणलं. गाडी जुनी आहे, पण गिअरबॉक्स निरोगी होता आणि तो अजून बरीच वर्षं चालवायचा आहे. “चालवून बघा, सेट होईल” हे उत्तर मला मान्य नाही. चुकीच्या फ्लुइडवर गाडी जितकी चालेल तितके क्लच झिजतील.

टाकलेल्या ऑइलचं नाव, स्पेसिफिकेशन आणि नेमकं किती भरलं, हे लेखी द्या. आपल्या खर्चाने डीडब्ल्यू-वन माझ्यासमोर डबा फोडून भरा. एका वेळेला साधारण निम्मंच बदलतं, त्यामुळे मधे गाडी चालवून हे काम निदान तीनदा करावं लागेल. नवीन वॉशर लावा आणि बोल्टवरचा चुंबक मला बघू द्या. त्यानंतरही झटका राहिला, तर गिअरबॉक्सची तपासणी आणि दुरुस्ती आपल्याकडे राहील, हेही लिहून द्या. पहिल्या कामाचे पैसे परत हवेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. बिल, जॉब कार्ड, पुठ्ठ्याचे फोटो आणि मॅन्युअलच्या संबंधित पानाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला ग्राहक
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)