लिनक्स चांगलंय हो, पण अडलं तर न्यायचं कुणाकडे?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विंडोज १० बंद झाल्यावर काय करायचं यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितोय. लेख तसा चांगला होता, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने अपडेट थांबवले, ज्यांनी नोंदणी केली त्यांना अजून एक वर्ष सिक्युरिटी अपडेटची मुदत मिळाली, विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, हे सगळं बरोबर. आणि मग शेवटी, नवा लॅपटॉप परवडत नसेल तर विंडोजच्या जागी टाकता येणारे लिनक्ससारखे मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचे पर्याय आहेत, एवढं म्हणून लेख संपला. आता माझं तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. असं काही छापून आलं की लोक कात्रण नाहीतर मोबाईलवर फोटो घेऊन काउंटरला येतात आणि विचारतात, हे लिनक्स टाकून मिळेल का, चालेल का आमच्याकडे. लेख जिथं संपतो तिथून पुढचं सगळं मलाच सांगावं लागतं, तर म्हटलं एकदा पेपरलाच लिहून टाकावं.

पहिली गोष्ट, लिनक्स म्हणजे काळी स्क्रीन आणि त्यात कमांड टाईप करत बसायचं, हे चित्र डोक्यातून काढा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तसं होतंच, वायफाय चालू झालं तर सत्यनारायण घालावा अशी परिस्थिती होती. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातलं मी आता बहुतेकांना लिनक्स मिंट टाकून देतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला वेगळं काही शिकवावं लागत नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, २ जीबी रॅमवर सुरू होतं पण ४ असलेली बरी, आणि चौथ्या जनरेशनचा आय-थ्री असलेला जुना लॅपटॉप, जो विंडोज १० वर सुरू व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ घ्यायचा, त्यात एक छोटी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकून मिंट टाकलं की माणूस विचारतो, प्रोसेसर बदलला का? नाही बदललेला. शिवाय पेन ड्राईव्हवरून लाईव्ह, म्हणजे न बसवताच, चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हातही लावायचा नाही, गिऱ्हाईकासमोर वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतोय का हे सगळं काउंटरवरच बघून घ्यायचं आणि मगच टाकायचं. ही सोय किती मोठी आहे हे लोकांना सांगतच नाही कोणी.

ज्यांचं काम म्हणजे ब्राउझर, यूट्यूब, मेल, बँकेचं स्टेटमेंट, पोरांचे ऑनलाईन फॉर्म, त्यांना यापुढे माझ्याकडे यायचं कामच पडत नाही. धंद्याच्या दृष्टीने वाईट आहे, पण खरं आहे ते.

अडचण सुरू होते ती मराठीपासून, आणि यावर तुमच्यासारख्या मराठी पेपरने तरी लिहायलाच पाहिजे. आमच्याकडे एक रिटायर्ड गुरुजी येतात, त्यांच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं, खूश होते, आणि दोन दिवसांनी परत आले, म्हणाले बाकी झकास आहे पण मराठी कुठं गेली? विंडोजवर ते इंग्रजीत उच्चार टाईप करायचे आणि खाली मराठी शब्दांची यादी यायची, त्यातला उचलायचा. लिनक्सवर मराठी आहे, हवी तेवढी आहे, सरकारी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, कागप नावाचा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाईप करायचा) आहे, आयबस आणि एम-सतरा-एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकली तर आपलं गमभन पण आहे, पण ते एका जागी नाही. काही लेआउट कीबोर्डच्या सेटिंगमध्ये सापडतात, काहींसाठी वेगळं पॅकेज टाकून लॉगआउट करून परत यावं लागतं, आणि यादीत मराठी कधी मराठी नावाखाली असते तर कधी इंडियामध्ये शोधावी लागते. सत्तरीच्या माणसाने हे शोधायचं कसं? गुरुजींना फोनेटिक लावून दिलं, तरी 'मी' लिहायला एम आणि मग शिफ्ट धरून आय, हे त्यांच्या बोटात बसेपर्यंत रोज फोन. फोनवर मी, इकडे हातात सोल्डरिंग गन, आणि ते विचारतायत ज्ञ कसा काढू.

मग फॉन्ट. गुरुजींची एक संस्था आहे, तिचा अर्ज वर्डमध्ये मंगल फॉन्टात केलेला, एका पानात बरोबर बसवलेला, खाली सह्यांच्या जागा. तो लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडला तर सह्या दुसऱ्या पानावर. कारण मंगल हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट, लिनक्समध्ये तो नसतो, त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो आणि ओळीची उंची बदलते. लोहित मला स्वतःला आवडतो, रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने तो मोफत दिला आणि त्यावर आपल्या पुण्यातल्या लोकांनी काम केलंय, पण गुरुजींना त्याचं काय, त्यांना सह्या पहिल्या पानावर पाहिजेत. इंग्रजीला ही अडचण सोडवलेली आहे बघा, कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आहे, टाइम्सच्या मापाचा लिबरेशन आहे, अक्षरांची रुंदी तीच म्हणून पान हलत नाही. मंगलच्या मापाचा असा एक मोकळा देवनागरी फॉन्ट सगळ्या लिनक्समध्ये आधीपासून घालून दिला तर महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांची पत्रं नीट उघडतील. आणि जुन्या श्रीलिपी-कृतीदेवच्या फायली तर विचारूच नका, त्यात देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, तो फॉन्ट मशीनवर नसला की सगळं पान म्हणजे इंग्रजी अक्षरांचा भेळभत्ता. फॉन्टची फाईल कॉपी केली की वाचता येतं, पण दुरुस्त करायचं तर परत विंडोजचं सॉफ्टवेअर.

प्रिंटरचं वेगळंच. एचपीचे बरेचसे प्रिंटर वायर लावली की ओळखतो, कधीकधी विंडोजपेक्षा लवकर, आणि नवीन वायफायवाल्या प्रिंटरना तर बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हरच लागत नाही. पण प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या ऑफिसात, शाळेत जो एक छोटा जुना लेझर प्रिंटर दिसतो, मरत नाही, टोनर भरून भरून वापरतात, त्याचा कंपनीने दिलेला लिनक्सचा ड्रायव्हर इतका जुना आहे की तो बसवायला मला टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडावं लागतं, आणि मोठं अपडेट आलं की परत येरे माझ्या मागल्या. यात लिनक्स बनवणाऱ्यांची चूक नाही हे मला माहितीय. गिऱ्हाईकाला माहिती नाही, त्याला एवढंच दिसतं की काल प्रिंट निघत होती, आज निघत नाही, आणि मधे काय झालं तर लिनक्स टाकलं.

टॅलीवाले, लग्नपत्रिका-फ्लेक्सवाले, डिजिटल सिग्नेचरचं डोंगल लावून दिवसभर रिटर्न भरणारे, यांना मी सरळ सांगतो की विंडोजच ठेवा. वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) चालतं म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणावं ३१ मार्चला येऊन बसा शेजारी.

लिनक्सवाल्या मित्रांना इथं राग येईल. येऊ दे. मी पण त्यातलाच आहे, घरी दुसरं काही वापरत नाही. पण नव्या माणसाने साधा प्रश्न विचारला की आपली पोरं काय करतात, तर आधी विचारतात तुझी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कुठली, मग सांगतात ती सोडून ही टाक, मग दोघांत भांडण की कुठली चांगली, आणि तो बिचारा विचारत होता की स्क्रीनवरचं अक्षर मोठं कसं करायचं. एकाने तर शाळेच्या क्लार्कला आर्च (जाणकारांसाठीचं अवघड लिनक्स) टाकून दिलेलं, ते माझ्याकडे आलं तेव्हा सुरूच होत नव्हतं.

फुकट आहे म्हणून लोक घेतील, हा पण एक गैरसमज. आपल्याकडे विंडोज विकत कोण घेतं? लॅपटॉपबरोबर आलं तर आलं, नाहीतर दोन-तीनशे रुपयात अ‍ॅक्टिव्हेटर (विकत न घेता विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम) मारून दिलेलं. आमच्या धंद्यात हे सगळीकडे चालतं, लपवण्यात अर्थ नाही, आणि त्या अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर मशीनमध्ये काय काय शिरतं ते बँकेतून पैसे गेल्यावर कळतं. पण गिऱ्हाईकाच्या हिशोबाने दोन्ही फुकटच, मग तो लिनक्स का घेईल? त्याला किंमत नको असते, त्याला अडल्यावर माणूस पाहिजे असतो. स्प्लेंडर का खपते? खेड्यातल्या कुठल्याही झाडाखालच्या मेकॅनिकला ती खोलता येते म्हणून. विंडोजचं तेच आहे, काही अडलं की मेहुणा येतो, शेजारचं पोरगं येतं, ऑफिसातला कोणीतरी येतो आणि दोन मिनिटात करून देतो. विंडोज काय फार सोपं आहे असं नाही हो, त्याच्या सेटिंगमध्ये तर मी पण हरवतो, कंट्रोल पॅनल वेगळं, सेटिंग वेगळं, अर्धं इकडे अर्धं तिकडे. पण सगळ्यांनी तेच वापरलेलं असतं. लिनक्सवाल्याला आमच्या गावात एकच दुकान, आणि मी गावाला गेलो की तो अडकला.

यावर उपाय नाही असं नाही, केरळने केलेला आहे. तिथं शाळांसाठी २००१ पासून आयटी अॅट स्कूल नावाचा प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याचंच काइट झालं, शाळांच्या लॅबमध्ये लिनक्स, दहावीची आयटीची प्रॅक्टिकल पण त्यावरच, आणि २०२४ मध्ये उबंटू या लिनक्सवरून बनवलेली नवी काइट ग्नू-लिनक्स आणली. यात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी मास्तरांना आधी शिकवलं. म्हणजे तिथल्या प्रत्येक गावात लिनक्स येणारा एक तरी माणूस तयार झाला, आणि दरवर्षी दहावीच्या पोरांची एक बॅच बाहेर पडते तिला ते येतंच. उलट जर्मनीतलं म्युनिक बघा, महापालिकेने २०१३ पर्यंत जवळपास १५,००० कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, जगभर कौतुक झालं, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. राजकारण होतंच त्यात, पण बाहेरच्या ऑफिसांच्या फायली नीट उघडत नाहीत, कर्मचारी कुरकुर करतात, हे पण होतं. म्हणजे माझ्या काउंटरवरचीच रडगाणी, फक्त जर्मनमध्ये.

आपल्याकडे काय? सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स काढली, माझ्या दुकानात आलेल्या एकाही मशीनवर मी ती पाहिलेली नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारित माया नावाची सिस्टीम आणायचं ठरवलं, त्याची बातमी तुम्हीच छापलीत. पण सरकारी नोकरीसाठी आपली पोरं जी एमएस-सीआयटी करतात ती विंडोज आणि एमएस ऑफिसवरच. सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पोराला माझ्याकडे कामाला ठेवलं तर फाईल सेव्ह करणं त्याला येतं, पण बटणाची जागा बदलली की हात थांबतो. त्याला कॉम्प्युटर शिकवलेला नाही, बटणांच्या जागा शिकवल्यात. त्याच कोर्समध्ये चार तास लिब्रेऑफिस आणि एखादी लिनक्स दाखवली तर काही बिघडणार आहे का? शिवाय पोरांना टायपिंगला युनिकोड इनस्क्रिप्ट पक्कं शिकवा, ते विंडोज, लिनक्स दोन्हीकडे जवळपास तेच असतं, तिथं सिस्टीम बदलली तरी बोटं अडत नाहीत.

आणि एक जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल. कितीतरी शाळांत कॉम्प्युटर कपाटात नाहीतर चादरीखाली पडून आहेत, विंडोज करप्ट झालंय, बिल कुणी द्यायचं ते ठरत नाही. ती मशीन मिंटवर आरामात चालतील. आपल्या जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने एका तालुक्यापुरतं करून बघावं, प्रत्येक केंद्रातल्या दोन शिक्षकांना आठवडाभर ट्रेनिंग द्यावं, आणि नवीन प्रिंटर, वेबकॅम, प्रोजेक्टर घेताना निविदेतच अट टाकावी की लिनक्सवर चालवून दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही. पुरवठादार दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर शोधून आणतात की नाही बघा. आमच्या तालुक्याच्या मशीनमध्ये लिनक्स टाकून द्यायचं असेल तर मी मजुरी न घेता देतो, एसएसडी तेवढ्या त्यांनी आणाव्यात.

कळावे,
आपला एक वाचक
(कॉम्प्युटर दुरुस्तीवाला), बार्शी, जि. सोलापूर