मन्याच्या हनुवटीबद्दल, तुलाच

प्रिय सुमे,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. माझी पाठ अधूनमधून कुरकुरते, तिला विचारतं कोण. पत्राला कारण मन्या आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

मन्याच्या हनुवटीवर मुरुमं आलीत. बोक्याला! घरात सांगितलं तर हे म्हणाले, "वयात येतोय." आठ वर्षांचं धूड आता वयात येतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मांजरांना हे कुठल्याही वयात होतं. आता हे तेवढंच वाक्य घोळवत बसलेत.

आधी वाटलं, कुठेतरी तोंड घालून आलाय. खालच्या ओठाच्या कडेला काळे बारीक दाणे, पेन्सिलीला टोक करताना पडतो तसला भुगा. ओल्या कापसानं पुसलं तर जागचे हलेनात. मग पिसवांचा संशय आला. आठवतं ना, तुझ्या भुऱ्यामुळे माझ्या अंथरुणात पिसवा झाल्या होत्या आणि तू शेवटपर्यंत "ढेकूण आहेत" म्हणत राहिलीस? ढेकूण नव्हते, सुमे. आता मला त्याची परीक्षा कळलीय. दाणे विंचरून ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. पिसवांची घाण असेल तर भोवती तांबूस डाग फुटतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं. मन्याचे दाणे काळेच्या काळे राहिले. भुऱ्याचे लाल झाले असते, लिहून देते.

डॉक्टरीणबाईंनी कातडी जराशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, माइट्स, म्हणजे कातडीतले बारीक किडे, नव्हते. अंधार करून वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, लावला. गजकर्णाची बुरशी त्याखाली हिरवट चमकते, पण प्रत्येक वेळी चमकेलच असं नाही, म्हणून चार केस कल्चरलाही पाठवले, म्हणजे त्यावर बुरशी वाढते का बघायला. ती बुरशी माणसांनाही लागते, म्हणून एवढी काळजी. तसलं काही निघालं नाही. मुरुमं मात्र कुणाची कुणाला लागत नाहीत. केसांच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या पेशी साचतात, छिद्र बुजतं, तोंडाशी काळं पडतं. आपलं जसं व्हायचं तसंच, फक्त मन्या आरशासमोर रडत बसत नाही. प्लास्टिकची वाटी आधी काढा म्हणाल्या, तिच्या ओरखड्यांत जंतू घर करतात. आता स्टीलची उथळ ताटली आहे, रोज घासते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मध्येच हनुवटी टम्म सुजली, एक पुटकुळी फुटून उशीवर रक्त. अँटिबायोटिक चालू झालं. शेजारणीनं टी ट्री तेल सुचवलं, भाची स्वतःची मुरुमांची ट्यूब घेऊन धावली. दोघींना दारातूनच परत पाठवलं. ते तेल मांजरांना विषारी, फिनॉलची जंतुनाशकंही तशीच. असली रसायनं त्यांच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि मांजर तर लावलेलं सगळं चाटणार. माणसांच्या ट्यूबमधलं बेंझॉइल पेरॉक्साइड त्यांच्या कातडीला भाजून काढतं. आणि दाणा पिळायचा तर अजिबात नाही. (तुझे हात शिवशिवले असतील आत्ता. तुझी जुनी खोड मला माहीत आहे.)

सूज उतरली. पण बाई म्हणाल्या, हे दुखणं बऱ्याच मांजरांना जन्मभर पुरतं, जातं-येतं. आटोक्यात ठेवायचं, बस. त्यासाठी क्लोरहेक्सिडीन नावाच्या जंतुनाशकाच्या ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि इथेच माझं घोडं अडलंय. पाकिटाचा नुसता आवाज झाला की मन्या कपाटावर. तुला ठाऊक आहे, तो यायचा आणि माझ्या गुडघ्याला हनुवटी घासायचा, खसाखसा. मांजरांच्या हनुवटीत वासाच्या ग्रंथी असतात, घासून ती "हे माझं" अशी खूण करतात. आता तो दाराच्या कोपऱ्याला घासतो, खुर्चीच्या पायाला घासतो, यांच्या चपलेलासुद्धा घासतो, आणि मला वळसा घालून जातो. चपलेला, सुमे!

बाईंचंच म्हणणं, नुसते काळे दाणे असतील, लाली-सूज-दुखणं नसेल, तर हात नाही लावला तरी चालतं. हे म्हणतात, मग सोड ना. मला सुटत नाही. त्यानं जांभई दिली की मी वाकून बघते. तू मागे भांडताना म्हणाली होतीस, "तू प्रत्येक गोष्ट खाजवून चिघळवतेस." ते मी अजूनही मान्य केलेलं नाही. पण सूज पुन्हा आली आणि मी पुसलंच नव्हतं, असं झालं तर? रोज पुसावं तर बोका जातो, सोडावं तर झोप जाते.

बाकी, तुझ्या नव्या घराबद्दल कळलं, फार आनंद झाला. बदलीचं काय ठरलं? काकूंच्या गुडघ्याला आराम आहे ना? चिरंजीवांना आशीर्वाद, आणि केस कापायला सांग.

आता कामाचं. भुऱ्याच्या कानात तू किती काळ औषध घातलंस, तरी तो रात्री तुझ्याच पांघरुणात शिरायचा. माझ्या कधीच नाही. ते तू कसं जमवायचीस, नीट आठवून सविस्तर लिही: औषध झोपेत घालायचीस की जागेपणी, मागून धरायचीस की मांडीवर, नंतर काय लालूच दाखवायचीस. "धीर धर, येईल" एवढंच लिहिलंस तर पत्र तसंच परत पाठवीन.

तुझी,
शरू