दालेत, रेश आणि मलिदा

संपादक महाशय,

लाल देऊळ (१८६७) हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, पुणेकर ओळखतात. सिनेगॉगमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी मात्र क्वचितच कुणी लिहितो. हिब्रूची अक्षरे २२, त्यांतली ५ शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. तेही जमते. खरी गोची दालेत (द) आणि रेश (र) या अक्षरांची: कोपरा टोकदार की गोल, एवढाच फरक. ही जोडी एकाच दिवशी शिकवू नये. प्रार्थना देवनागरीत लिहून देऊ नयेत; मुले पाठ करतात, वाचत नाहीत. मग तेराव्या वर्षी बार मित्झ्वाला (धार्मिक सज्ञानतेच्या विधीला) स्वरचिन्हांविना तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) समोर आली की अडखळतात.

पालकांना नुसते बाकावर बसवू नका, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करायला लावा. पोहे धुऊन लगेच निथळावेत, भिजत ठेवले की लगदा! मलिद्याच्या वेळचे एलियाहू हन्नाबीचे (प्रेषित एलियाचे) गाणे आजीनेच शिकवावे. शुक्रवारी मात्र सूर्यास्ताआधी आवरा, तेव्हा शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) सुरू होतो.

– एक वाचक, रास्ता पेठ, पुणे