ऑम्बुड्सला निवाड्याचा अधिकार नको

मा. संपादक,

कामाच्या ठिकाणच्या वादांची चर्चा निघाली की ‘संस्थेत ऑम्बुड्स (कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी गोपनीयपणे ऐकून मार्ग दाखवणारी तटस्थ व्यक्ती) नेमा’ अशी मागणी होते आणि पाठोपाठ ‘त्याला चौकशीचे पूर्ण अधिकार द्या’ हेही येते. मागणीचा पूर्वार्ध रास्त आहे, उत्तरार्ध त्या पदाच्या मुळावर येणारा.

गोंधळ नावापासून सुरू होतो. स्वीडनने १८०९ मध्ये निर्माण केलेला ऑम्बुड्समन संसदेच्या वतीने सरकारी कारभाराची चौकशी करतो. संस्थेतल्या ऑम्बुड्सने नाव तिथून घेतले, काम मात्र वेगळे. तो औपचारिक चौकशी करत नाही की निकाल देत नाही. मग करतो काय, हा प्रश्न हमखास येतो. तो आलेल्याचे ऐकून घेतो, गुंता सोडवून मुद्दे वेगळे करतो, लागू नियम दाखवतो. वरिष्ठांशी स्वतः बोलायचे असेल तर त्या बोलण्याची तयारी करून घेतो. आलेल्याची परवानगी असेल तरच दोन्ही बाजूंमध्ये शिष्टाई करतो किंवा त्यांना समोरासमोर बसवतो. औपचारिक तक्रारच करायची असेल तर तिचे दार दाखवून बाजूला होतो.

आता याच माणसाला चौकशी दिली तर? जबाब नोंदवावे लागतील, आरोप दुसऱ्या बाजूला कळवावे लागतील, फाइल तयार होईल. गोपनीयता तिथेच संपली. तक्रार करावी की नाही, याच विचारात असलेला कर्मचारी मग त्या खोलीकडे फिरकणारही नाही. आणि खरे तर ही खोली त्याच्यासाठीच असते.

गोपनीयतेला अपवाद एकच : कुणाच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर इजा होण्याचा धोका अगदी समोर असेल तर. नावानिशी नोंदी ठेवायच्या नाहीत, टिपणे काम संपताच फाडायची. ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर राहते, म्हणून पहिला संपर्क फोनवर किंवा प्रत्यक्ष झालेला बरा.

एक बाब मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी आणि नेमकी तीच राहून जाते. ऑम्बुड्सला सांगणे म्हणजे संस्थेला कळवणे नव्हे. औपचारिक तक्रारीची मुदत या भेटीमुळे थांबत नाही. बोलणी चांगली चालली आहेत या भरवशावर मुदत टळून जाते आणि नुकसान कर्मचाऱ्याचे होते.

ऑम्बुड्स एचआरच्या हाताखाली असू नये, हे वेगळे सांगायला नको. त्याने थेट संस्थाप्रमुखाला किंवा संचालक मंडळाला अहवाल द्यावा, पदाची लेखी सनद असावी आणि खोली एचआरच्या शेजारी नसावी (हास्यास्पद वाटेल, पण आत जाताना कोण पाहते यावर बरेच अवलंबून असते). अहवालात फक्त कल यावेत : बढतीचे निकष अस्पष्ट आहेत, अमुक प्रकारच्या बदल्यांवर नाराजी वाढते आहे, असे. इथेही सांभाळावे लागते. चार जणांच्या विभागातून ‘एक तक्रार’ असे लिहिले की नाव न लिहिताही नाव कळते. असे छोटे विभाग एकत्र करूनच मांडावेत.

पूर्णवेळ नेमणूक परवडत नसेल तर बाहेरची प्रशिक्षित व्यक्ती ठरावीक तासांसाठी घ्यावी. एचआर व्यवस्थापकाकडे हे काम ‘जादा जबाबदारी’ म्हणून देऊ नये. छळाची गोष्ट कानावर आली की कारवाई करणे हे त्याचे कर्तव्य असते आणि गप्प राहणे हे ऑम्बुड्सचे. एकाच खुर्चीत बसून दोन्ही पाळता येत नाहीत.

– एक वाचक